जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला काय?

भाजलेला रुग्ण सरकारी रुग्णालयातून घरी जातो तेव्हा त्याच्या कार्डावर जखमा भरल्याची नोंद असते. ती नोंद खोटी नसते. जखमेचे तोंड मिटलेले असते, पू नसतो, ताप उतरलेला असतो आणि खाट दुसऱ्या रुग्णासाठी मोकळी करून देणे भाग असते. परंतु कातडीच्या दृष्टीने पाहता, ज्या दिवशी ही नोंद होते त्याच सुमारास एका नव्या आणि लांबत जाणाऱ्या प्रकरणाला आरंभ होतो. महिना-दोन महिन्यांत भरलेली जागा लाल होते, कठीण होते, भोवतालच्या कातडीहून वर उचलली जाऊ लागते. रात्री तिला अशी खाज सुटते की डोळ्याला डोळा लागत नाही. जागा गळ्यावर, काखेत किंवा कोपराच्या आतल्या बाजूस असेल तर मान, खांदा, हात हळूहळू आखडू लागतात. हे दुखणे घेऊन रुग्ण परत येतो तेव्हा जीव वाचला यातच समाधान मानावे, पुढचे काम सौंदर्याचे आहे, असे उत्तर त्याला पुष्कळदा ऐकावे लागते.

उंचावलेल्या वणाची सौंदर्याच्या खात्यात झालेली ही नोंदणी केवळ शब्दांची बाब नाही. संशोधनाचा पैसा कोठे जावा, विम्याने कशाचा खर्च द्यावा, शस्त्रक्रियागृहात कोणाला आधी घ्यावे, हे सारे या एका नोंदणीवरून ठरत आले आहे. म्हणून वणाविषयी वैद्यकाला आज काय कळले आहे आणि काय कळलेले नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नीट भरून आलेल्या व्रणाची लक्षणे सांगितली आहेत. त्या जागी गाठ नसावी, सूज नसावी, वेदना नसावी. तिचा रंग कातडीसारखा असावा आणि पृष्ठभाग समतल असावा. पुढे चिकित्सास्थानात व्रणावरील साठ उपक्रमांची गणना आहे. त्यांत वर आलेले मांस खाली बसवण्यापासून भरलेल्या जागेला मूळचा रंग आणण्यापर्यंतची कामे वैद्याचीच म्हणून सांगितली आहेत. त्यांतील कोणते उपाय आजच्या कसोटीला उतरतील हा प्रश्न निराळा, आणि प्राचीनांना सारेच ठाऊक होते असा टेंभा मिरवण्याचेही कारण नाही. मुद्दा व्याख्येचा आहे. जखम मिटणे आणि जखम नीट भरणे यांत फरक आहे, हे त्या ग्रंथकाराने स्पष्ट केले होते. आधुनिक रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र या दोहोंसाठी एकच रकाना असतो.

उंचावलेल्या वणांचे प्रामुख्याने दोन प्रकार मानले जातात. पहिला अतिवृद्ध वण. तो जाड व लाल असतो, खाजतो, आखडतो, पण मूळ जखमेची सीमा ओलांडत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत काही अंशी आपोआप बसतोही. भाजण्यानंतर येणारे बहुतेक वण या जातीचे. दुसरा कीलॉइड. तो मूळ जखमेच्या बाहेर पसरतो, निरोगी कातडीवर आक्रमण करतो, वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि कापून काढला तर पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर तो उलटण्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत शेकडा ४५ पासून १०० पर्यंत दिलेले आढळते. एकाच उपायाच्या फलिताविषयी आकड्यांत एवढी तफावत असावी, हीच या क्षेत्रातील संशोधनाच्या अवस्थेची साक्ष होय. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ झां-लुई आलिबेर यांनी १८०६ साली या विकाराचे वर्णन केले. प्रथम त्यांनी त्याला कर्करोगसदृश अशा अर्थाचे नाव दिले होते. पण हा कर्करोग नव्हे हे ध्यानी येताच काही वर्षांनी ते बदलून खेकड्याच्या नांगीवरून त्याचे आजचे नाव ठेवले. कडेने निरोगी कातडीत घुसणारे त्याचे फाटे पाहिलेल्या कोणालाही ते नाव समर्पक वाटेल.

हे फाटे फुटतात कसे? जखम झाली की प्रथम रक्त गोठते, मग दाह होतो, त्यानंतर तंतुजनक पेशी जखमेत शिरून कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे जाळे विणू लागतात. १९७१ साली जिनीव्हाच्या जुलिओ गाब्बिआनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, यांपैकी काही पेशी स्नायूंसारखे गुण धारण करतात आणि जखमेच्या कडा अक्षरशः ओढून जवळ आणतात. काम झाल्यावर या पेशींनी नाहीसे व्हावे, जादा कोलॅजन विरघळावे आणि पुढे वर्षभर जुन्या भरड विणीच्या जागी नवी सुबक वीण यावी, असा निसर्गाचा क्रम. तो पार पडला तरी वणाची ताकद मूळ कातडीच्या शेकडा ८० च्या वर जात नाही. उंचावलेल्या वणात हा क्रम मध्येच अडतो. दाह शमत नाही, ओढणाऱ्या पेशी जागेवरच राहतात आणि कोलॅजनची भर चालूच राहते. घर बांधून झाल्यावरही गवंड्यांना कोणी थांबवू नये आणि त्यांनी भिंतीवर भिंत चढवत बसावे, तसा हा प्रकार आहे.

गवंड्यांना थांबण्याचा निरोप का पोहोचत नाही, याचे एक उत्तर कातडीच्या ताणात सापडते. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ साली प्रेतांच्या कातडीला गोल टोच्याने भोके पाडली, तेव्हा ती भोके गोल न राहता ठरावीक दिशांना लांबट झाली. कातडी शरीरावर सर्वत्र सारखी ताणलेली नसते, हे या साध्या प्रयोगाने दिसून आले. शल्यविशारद आजही छेद घेताना या रेषांचा विचार करतात. तोच धागा पुढे टोकियोच्या निप्पॉन वैद्यकीय महाविद्यालयातील रेइ ओगावा यांनी पकडला. छातीचा मध्यभाग, खांदा, पाठीचा वरचा भाग, अर्थात श्वासाबरोबर आणि हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर जेथे कातडी ओढली जाते, तेथे कीलॉइड अधिक होतात. ज्यांच्या अंगावर अनेक कीलॉइड आहेत, त्यांच्याही वरच्या पापणीवर ते क्वचितच आढळतात, कारण तेथे कातडी सैल असते. खांद्यावरचा कीलॉइड फुलपाखरासारखा आणि छातीवरचा खेकड्याच्या नांगीसारखा का दिसतो, याचाही उलगडा ताणाच्या दिशांवरून होतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराच्या भरत आलेल्या जखमेवर यंत्राने ताण दिला असता, एरवी उंदरात न आढळणारा जाड वण उत्पन्न झाला.

या सिद्धांताला कानाची पाळी मात्र जुमानत नाही. तेथे ताण नसतो, तरीही कान टोचल्यावर कीलॉइड होण्याचे प्रमाण लक्षात येण्याजोगे आहे. ओगावांनीही हा अपवाद मान्य केला आहे. याच संदर्भात २००५ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेली एक छोटी पाहणी आपल्याकडे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कान टोचलेल्या रुग्णांच्या त्या पाहणीत, अकराव्या वर्षानंतर टोचून घेतलेल्यांपैकी शेकडा ८० जणांना कीलॉइड झाले होते; त्याआधी टोचलेल्यांत हे प्रमाण शेकडा २३.५ होते. पाहणी अवघ्या बत्तीस जणांची, तीही दवाखान्यात आलेल्यांची. तिच्यावर मोठा इमला उभारता येणार नाही. तथापि तान्हेपणीच सोनाराकडून कान टोचून घेण्याची आपली रीत निदान या एका बाबतीत गैर नाही असे दिसते. आणि महाविद्यालयात गेल्यावर हौसेने पाळीच्या वरच्या कूर्चेत दुसरे-तिसरे भोक पाडून घेणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या घरी कोणाला कीलॉइड आहे त्यांनी, दोनदा विचार करावा.

घराण्याचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. जपानमधील संशोधकांनी २०१० साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये कीलॉइडशी निगडित अशी तीन गुणसूत्रीय क्षेत्रे दाखवून दिली. याहून अधिक काळ चाललेली समजूत म्हणजे काळ्या कातडीला कीलॉइड होतो, ही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण गौरवर्णीयांहून पुष्कळ अधिक आहे आणि आशियाई लोक या दोहोंच्या मध्ये येतात, एवढे खरे. परंतु कारण रंगद्रव्यातच आहे असे गृहीत धरून कित्येक पाठ्यपुस्तकांनी विषय संपवला होता. पूर्व आफ्रिकेत केलेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी या ठिकाणी उपयोगी पडते. ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नसते अशा आफ्रिकी लोकांतही कीलॉइडचे प्रमाण त्यांच्या सावळ्या बांधवांइतकेच असल्याचे तीत आढळले. कारण रंगात नाही, त्या लोकसमूहांच्या आनुवंशिक घडणीत दुसरेच काही आहे, असे यावरून म्हणावे लागते. रंगाला दोष देऊन स्वस्थ बसण्याची सोय या पाहणीने काढून घेतली आहे.

आता या संशोधनातील मूळ अडचणीकडे वळावे. कीलॉइड हा विकार माणसालाच होतो. उंदीर, घूस, ससा यांना तो होत नाही. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखालच्या स्नायूच्या थरामुळे त्याची जखम मुख्यतः आकसूनच भरते. सशाच्या कानावर आणि लाल ड्युरॉक जातीच्या डुकरावर अतिवृद्ध वणासारखे काही उत्पन्न करता येते, पण कीलॉइड तेथेही नाही. प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेले औषध माणसाच्या छातीवर निष्प्रभ का ठरावे, याचे निम्मे उत्तर येथे मिळते.

मँचेस्टरची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. गर्भातील बालकाची कातडी सुमारे चोविसाव्या आठवड्यापर्यंत वण न राहता भरते, हे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निरनिराळ्या निरीक्षणांनी सिद्ध होत गेले. मँचेस्टर विद्यापीठातील मार्क फर्ग्युसन यांनी गर्भाच्या आणि प्रौढाच्या जखमेतील प्रथिनांची तुलना करून, वाढीला चालना देणाऱ्या एका प्रथिनाचा तिसरा प्रकार गर्भात अधिक असतो, या निरीक्षणावर आपली आशा केंद्रित केली. रेनोव्हो नावाची कंपनी निघाली. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या प्राथमिक चाचण्यांत, निरोगी स्वयंसेवकांच्या दंडावर मुद्दाम केलेल्या छेदांत हे औषध टोचल्यावर वण अधिक सुबक झाल्याचे दिसले. वणाविरुद्धचे पहिले खरेखुरे औषध आता बाजारात येणार, अशी हवा तयार झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष हाती आले. औषधाने ठरवलेले कोणतेही प्रमुख उद्दिष्ट गाठले नव्हते. कंपनीच्या भागांचा भाव कोसळला आणि औषध सोडून देण्यात आले.

अपयश हा विज्ञानाचा भागच आहे. त्याबद्दल फर्ग्युसन यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. त्यांची कल्पना भक्कम निरीक्षणावर उभी होती. प्रश्न पडतो तो नंतरचा. या एका अपयशाने गुंतवणूकदारांनी संपूर्ण क्षेत्राकडेच पाठ फिरवावी, हे कशाचे लक्षण? कर्करोगावरची शेकडो औषधे अपयशी ठरली म्हणून कोणी कर्करोगाचे संशोधन थांबवले नाही. शिवाय चाचणी कशावर झाली हेही पाहण्याजोगे आहे. मोठी चाचणी जुना वण कापून नीटनेटका करून घेणाऱ्या रुग्णांवर झाली. बाजारपेठ तेथे होती. भाजून मान छातीला चिकटलेल्या मुलीसाठी किंवा वर्षानुवर्षे खाजणाऱ्या छातीवरच्या कीलॉइडसाठी ती उभारलेली नव्हती.

अलीकडच्या संशोधनात आशेला जागा नाही असे नव्हे. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०२१ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ताणाची जाणीव पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणारा संदेश व्हर्टेपोर्फिन या औषधाने अडवला. उंदरांच्या जखमा वण न राहता भरल्या, इतकेच काय, त्या जागी केसांची मुळेही उगवली. हे औषध डोळ्यांच्या एका विकारासाठी पूर्वीपासून वापरात आहे. ताणाचा जुना सिद्धांत येथे रेणूंच्या पातळीवर भेटतो आणि म्हणूनच हा प्रयोग महत्त्वाचा. पण तो उंदरावरचा आहे, आणि मँचेस्टरचा धडा ताजा आहे.

दरम्यान रुग्णाच्या हाती उरतात ते जुनेच उपाय. कीलॉइडमध्ये स्टिरॉइडची सुई १९६० च्या दशकापासून टोचली जाते. ती स्वस्त आहे, पुष्कळांना गुण देते, पण टोचताना वेदना असह्य होतात, कातडी पातळ पडते, पांढरे डाग उरतात, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते. शस्त्रक्रियेच्या पाठोपाठ क्ष-किरण दिल्यास कीलॉइड उलटण्याचे प्रमाण खूपच घटते. क्ष-किरणांचा असा वापर पॅरिसमध्ये १९०६ इतका जुना आहे. सिलिकोनच्या चकत्यांची कथा तर योगायोगाची. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे भाजलेल्या मुलांच्या वणांवर दाब नीट बसावा म्हणून सिलिकोनचा मऊ थर ठेवला जात होता. दाब नसतानाही तो थर वण मऊ करतो, हे तेथील डॉक्टरांनी १९८२ साली नोंदले. तेव्हापासून या चकत्या जगभर विकल्या जातात. कोक्रेन या संस्थेने २०१३ साली त्यांवरील वीस चाचण्या, एकंदर ८७३ रुग्ण, तपासले, आणि निष्कर्ष असा काढला की पुरावा दुबळा असून चाचण्या पक्षपाताला बळी पडण्याजोग्या आहेत. चकत्या निरुपयोगी आहेत असे कोक्रेनने म्हटले नाही. तीस वर्षे विकल्या गेल्यावरही त्या किती उपयोगी आहेत हे कोणी नीट मोजलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतील गॅल्व्हस्टन येथून १९७० च्या सुमारास रूढ झालेल्या दाबाच्या कपड्यांचीही हीच गत. दिवसाचे तेवीस तास, महिनोन्‌महिने घालायचे हे घट्ट कपडे वैशाख वणव्यात अंगावर बाळगणे काय असते हे विदर्भात सांगायला नको. आणि २००९ साली एकत्र तपासलेल्या चाचण्यांत त्यांचा लाभ वणाची उंची थोडी कमी होण्यापलीकडे फारसा दिसला नाही.

मोजमापाच्या पट्टीतच एक दोष होता. १९९० पासून सर्वत्र वापरली गेलेली व्हँकूव्हर मोजपट्टी वणाचा रंग, लाली, लवचिकता आणि उंची यांना गुण देते. खाज आणि वेदना यांना तीत स्थान नाही. गोऱ्या कातडीवर उठून दिसणारी लाली सावळ्या कातडीवर पारखणेही कठीण. रुग्णाला स्वतःला काय वाटते हे विचारणारी मोजपट्टी नेदरलँड्समध्ये तयार झाली ती २००४ साली. ज्या विकाराची मुख्य तक्रार खाज आहे, त्याच्या मोजणीत खाजेला जागा मिळण्यास एवढा विलंब लागावा, यावरून वणाकडे पाहणारा डोळा कोणाचा होता हे उघड होते. वण बाहेरून पाहण्याची वस्तू मानली गेली; तो आतून भोगणाऱ्या माणसाचे मत नंतर आठवले.

एका बाबतीत मात्र ज्ञान पुरेसे आहे, आणि तेथेच आपली उपेक्षा सर्वांत कमी क्षम्य ठरते. एडविन डाइच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली शंभर भाजलेल्या रुग्णांच्या जखमा किती दिवसांत भरल्या आणि पुढे त्यांचे काय झाले याची नोंद ठेवली. चौदा ते एकवीस दिवसांत भरलेल्या जागांपैकी एक-तृतीयांश जागी वण उंचावला. एकवीस दिवस उलटून गेल्यावर भरलेल्या जागांपैकी शेकडा ७८ जागी. म्हणजे भाजल्यानंतरच्या वणाचे भवितव्य बव्हंशी पहिल्या तीन आठवड्यांत ठरते. जी जखम तेवढ्या अवधीत आपोआप भरणार नाही ती ओळखून मृत कातडी वेळीच कापून काढणे आणि त्वचारोपण करणे, हा वणाविरुद्धचा सर्वांत सिद्ध उपाय आहे. तो शोधण्यासाठी धनाढ्य देशाची गरज पडली नाही. युगोस्लाव्हियातील मारिबोर या लहान शहरात झोरा यांझेकोविच या शल्यविशारद बाईंनी हे तंत्र विकसित केले आणि १९७० साली जगापुढे मांडले.

आपल्याकडे चित्र काय आहे? भाजण्याच्या दुखापतींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दिलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोकांना भाजते, सुमारे १ लाख ४० हजार मृत्यू पावतात आणि सुमारे २ लाख ४० हजारांना अपंगत्व येते. हे अंदाजच आहेत, आणि इतक्या गोल आकड्यांवर वर्षानुवर्षे भागवले जाते हेही बोलके आहे. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासाने २००१ या एका वर्षात आगीने दगावलेल्यांची संख्या सुमारे १ लाख ६३ हजार काढली. त्यांत सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, बहुतेक पंधरा ते चौतीस वयाच्या. वाचतात त्यांचे पुढे काय होते, याचा असा एकही देशव्यापी हिशेब हाताशी नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मरणोत्तर त्वचादानातून मिळालेली कातडी मोठ्या भाजण्यात तात्पुरते आवरण म्हणून कामी येते व रुग्णाला त्वचारोपणापर्यंत तगवते. असे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी भाजलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग दिवसांमागून दिवस चालते, शस्त्रक्रियागृहात त्याची पाळी अपघात, बाळंतपण, आतड्याच्या शस्त्रक्रिया यांच्यामागून येते, आणि तोवर एकविसावा दिवस मागे पडलेला असतो. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, खाट नाही ही कारणे खरी आहेत. पण वणाला सौंदर्याचा प्रश्न मानल्यामुळे या पाळीत त्याला शेवटचे स्थान मिळते, हेही तितकेच खरे.

कायदा आणि विमा यांनीही तीच रेघ आपापल्या परीने ओढली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात ॲसिडहल्ल्याच्या बळींचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि तो योग्यच आहे. स्टोव्हच्या भडक्याने त्याच चेहऱ्याची तीच दशा झालेल्या स्त्रीचा तसा उल्लेख नाही. सांध्यांची हालचाल किती उरली यावर तिचा दावा अवलंबून राहतो. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नकार आहे, पण अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला सूट आहे. ही सूट दिलासा देणारी खरी. मात्र मुरुमाच्या पुटकुळीतून किंवा लशीच्या खुणेतून उद्भवलेला आणि रात्रंदिवस ठणकणारा कीलॉइड तीत बसत नाही. आणि ज्या उपचाराला रुग्णालयात रात्र काढावी लागत नाही, अशा सुयांचा खर्च सामान्यतः विम्याच्या कक्षेबाहेरच राहतो. रोग तोच, वेदना तीच; भरपाई मात्र जखम कशी झाली यावर ठरते.

प्रयोगशाळेत नवे रेणू शोधण्याच्या शर्यतीत भारतीय वैद्यकीय महाविद्यालयांनी उतरावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. त्यासाठी लागणारा पैसा आणि धीर दोन्ही आपल्याकडे तुटपुंजे आहेत. परंतु ज्या प्रश्नांसाठी रुग्णांचीच संख्या हवी, ते प्रश्न येथेच सुटण्याजोगे आहेत. स्वस्त स्टिरॉइडची सुई आणि महाग सिलिकोनची चकती यांपैकी सावळ्या कातडीवर काय अधिक उपयोगी पडते? दाबाचा कपडा उन्हाळ्यात दिवसातून बारा तासच घातला तर चालेल काय? एकविसाव्या दिवसाचा नियम आपल्या रुग्णांना, त्यांच्या अशक्तपणासह, तसाच लागू पडतो काय? यांतील एकाही प्रश्नाला परदेशी कंपनी पैसा पुरवणार नाही, कारण उत्तरातून विकण्याजोगे काही निघणार नाही. नागपूर, मिरज, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर येथील शासकीय महाविद्यालयांनी एकच सामाईक नोंदपत्रक ठरवले, प्रत्येक जखम कोणत्या दिवशी भरली हे त्यात लिहिले, आणि खाज किती हा प्रश्न रुग्णाला विचारून उत्तर टिपले, तरी पाच वर्षांत जगाला नवी माहिती देता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध दरवर्षी लिहिले जातच असतात. त्यांतील काही या कामी लावता येतील.

यात खर्चाची बाब एकच, आणि ती नेमकी अंदाजपत्रकातून गळते. वण पुरता कळायला वर्ष लागते. तेव्हा रुग्णाला तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात परत बोलवावे लागेल, आणि भोकरदनच्या किंवा अक्कलकोटच्या खेड्यातून येणाऱ्या बाईला एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्यावी लागेल. ती रक्कम औषधांच्या व उपकरणांच्या रकमेआधी लिहिली गेली पाहिजे.